तळ्याकडेचा तुकडा

त्या सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की काचघराच्या बाहेर जग उरलंय की नाही हे सांगता आलं नसतं. गुईलान उकिडवी बसून लसूणपात कापत होती. डाव्या मुठीत पात धरायची, आखूड विळा मातीलगत ओढायचा, मूठ झटकायची, पिवळी पानं गळून पडली की जुडीला रबर चढवायचं. काचेवर जमलेलं पाणी मधूनच ओघळून तिच्या मानेवर पडत होतं. आत ऊब होती आणि ओल्या मातीत लसणाचा उग्र वास मिसळलेला होता. अशा वेळी तिला नेहमी वाटायचं, आपण अजून माहेरी, लुओथांगलाच आहोत. आत्ता उठून दार ढकललं तर समोर तळं लागेल, तळ्यापलीकडं भाताची खाचरं, आणि खाचरात वाकलेली आई.

दार ढकललं ते विभावरीनं. तिच्याबरोबर गार हवेचा झोत आत आला आणि तळं विरून गेलं.

"ताई, आज बस दिसेना. आवाजावरून हात केला," ती म्हणाली आणि बूट बदलायला बसली.

ही काचघरं जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावाच्या खालच्या अंगाला होती. वर टेकडीवर मोठ्या कंपनीची ऑफिसं आणि तिथल्या इंजिनिअरांची घरं. खाली मात्र अजून गव्हाची आणि कोबीची शेतं टिकून होती. काचघरांची मालकीण फ्राऊ केशेले नावाची म्हातारी, काठी टेकत दिवसातून एकदा फेरी मारायची, काही बोलायची नाही. तिच्याकडून दोन काचघरं भाड्यानं घेऊन गुईलान त्यात पाकचोय नावाची पालेभाजी, लसूणपात, कारली आणि लांब चवळी पिकवायची, आणि आसपासच्या चिनी, व्हिएतनामी दुकानांना पुरवायची. तिचा नवरा स्वयंपाकी म्हणून जर्मनीत आला, त्याच्यामागून ती आली. पुढं तो दुसऱ्या बाईबरोबर हांबुर्गला निघून गेला. घटस्फोट झाला. गुईलान काचघरात राहिली आणि मुलीला, शिनला, तिनं तिथंच वाढवलं. शिन आता ड्रेस्डेनला विद्यापीठात होती.

विभावरी जुन्नरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. नवरा मयुरेश टेकडीवरच्या कंपनीत. मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरात बसून भिंती बघायच्या, त्यापेक्षा हात मातीत घालू म्हणून ती इथं कामाला लागली होती. दोघी जर्मनमध्येच बोलायच्या. दोघींचं जर्मन मोडकं होतं, पण रोपाला पाणी हवंय की नको, हे सांगायला फार व्याकरण लागत नाही. विभावरी तिला 'ताई' म्हणायची. गुईलानला आधी ते कुठल्या भाजीचं नाव वाटलं होतं. अर्थ कळल्यावर तिला ते आवडलं. आणि कोपऱ्यातल्या एका वाफ्यात विभावरीच्या हट्टानं मेथी आली होती. टेकडीवरची मराठी बिऱ्हाडं ती वाफ्यातूनच उचलून न्यायची.

जुड्या पाण्यात बुचकळताना विभावरीच्या लक्षात आलं, की ताई आज एकच जुडी पुन्हा पुन्हा धुतेय.

"काय झालं?"

"आईचा फोन होता," गुईलान म्हणाली. "तुकडा जातोय."

मग दुपारपर्यंत, जुड्या धुता धुता, तिनं ते सांगितलं. सलग नाही, मध्येमध्ये थांबत. कुठं जर्मन शब्द सापडला नाही तर हातानं दाखवत.

ती अगदी लहान असताना, तिला आठवणारही नाही इतकी, चीनच्या आन्हुई प्रांतातल्या तिच्या गावात सामाईक जमीन घराघरांना माणशी वाटून दिली. तोवर सगळी एकत्रच राबायची आणि सगळीच अर्धपोटी राहायची. वाटणीच्या दिवशी आईच्या कडेवरच्या पोरीलाही एक माणूस म्हणून मोजलं. तिच्या वाट्याला तळ्याकडेचा तुकडा आला. निमुळता, एका बाजूनं सदा ओला. सगळे त्याला 'गुईलानचा तुकडा' म्हणायला लागले. त्या वर्षी सुगीनंतर घरात पहिल्यांदा भात उरला, असं आई सांगायची. धाकटा भाऊ देमिंग तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच्या नावचं माणूस मोजलंच गेलं नाही, तो ताईच्या तुकड्यावर वाढला.

गुईलानचं लग्न दुसऱ्या गावात झालं. तिथली वाटणी केव्हाच होऊन गेली होती, नव्या सुनेला नवी जमीन मिळत नव्हती. माहेरच्या गावानं लेक दिली म्हणून यादीतून तिचं नाव काढून टाकलं. मग ती दक्षिणेकडं खेळण्यांच्या कारखान्यात गेली. गावातल्या सगळ्याच पोरी गेल्या. बाहुल्यांना डोळे बसवायचं काम होतं तिचं. तान्ही शिन आईजवळ ठेवलेली. गडीमाणसं शहरात इमारती बांधायला गेली, आणि गावात उरल्या त्या म्हाताऱ्या बायका. नांगरटीपासून झोडणीपर्यंत सगळी शेती त्यांच्या कमरेवर आली. पुढं घटस्फोट झाला तेव्हा सासरच्या गावानंही गुईलानचं नाव काढून टाकलं.

"म्हणजे तू कुठंच नाहीस," विभावरी म्हणाली.

"म्हणजे, इथं आहे," गुईलान म्हणाली आणि समोरच्या जुड्यांकडं बघत राहिली.

आता तिकडं नवीन चाललं होतं. गावची सगळी जमीन एकत्र करून कमळकंद लावणाऱ्या एका कंपनीला द्यायची, आणि गावच्या सभासदांना त्यात हिस्सा. खाचरं तर दोन वर्षांमागंच गेली. आई आता त्याच खाचरांत कंपनीच्या रोजानं तण काढायला जायची. राहिला होता तो एवढा तळ्याकडेचा तुकडा. त्यात आई भाजी करायची. पण कंपनीला तळं आणि काठ सलग हवा होता. देमिंगनं होकार दिला होता. आईला तो तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरी नेणार होता. चौथा मजला. लिफ्ट नव्हती.

आईनं फोनवर रडारड केली नव्हती. पाय मातीत असले की दुखत नाहीत, फरशीवर दुखतात, एवढंच तिनं सांगितलं होतं. शेजारच्या वानहुआनं मोबाइलवर वाचलं होतं, की नवा कायदा आलाय, लग्न झालं, मोडलं, म्हणून बाईचं नाव गावातून काढता येत नाही. तेव्हा गुईलान पुन्हा गावची सभासद झाली, तर तिच्या वाट्याला तो तुकडा मागता येईल. गावची सभा होती. फोनवरून बोलता येईल, असं वानहुआचं म्हणणं होतं.

"तुला जमलं तर बोल," आई म्हणाली होती. "नाही जमलं तर राहू दे."

सभेला अजून अवकाश होता. एप्रिल संपत आला, धुकं जाऊन ऊन पडायला लागलं, सफरचंदाची झाडं फुलली. काचघरात कारल्याची रोपं कुंडीतून काढून वाफ्यात लावायची वेळ झाली. दोघी दोन बाजूंनी लावत यायच्या. गुईलान भाताची लावणी करावी तशी मागं मागं सरकत लावायची. विभावरीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, भातात पुढं जात लावलं तर स्वतःचीच रोपं तुडवली जातात. मागं जायचं, म्हणजे लावलेलं सगळं डोळ्यांसमोर राहतं, कुठं चाललो ते मात्र दिसत नाही. विभावरी म्हणाली, आमच्याकडं मावळात असंच लावतात.

दुपारी जेवण झालं की गुईलान रिकाम्या पोत्यांवर जरा आडवी व्हायची. काचेतून येणारं ऊन पापण्यांवर बसायचं आणि डोळे मिटले की आत सगळं हिरवं व्हायचं. त्या हिरव्यात पाणी चढायचं. पाण्यातून पोरी ओळीनं मागं सरकत यायच्या, गुडघ्यापर्यंत पॅन्ट वळलेल्या, कुणाचीच तोंडं दिसत नसायची, नुसत्या पाठी. त्यातली एक वळली तर तिच्या हातात रोपांऐवजी बाहुलीचे डोळे असायचे, निळे, ओंजळभर. ती ते एकेक करून चिखलात लावत असायची. गुईलान जागी व्हायची तेव्हा वरचा पंखा फिरत असायचा आणि विभावरी कुणाला तरी फोनवर सांगत असायची, "अहो, पोळ्या डब्यात आहेत, नुसत्या गरम करा."

एका रविवारी शिनचा फोन आला. गुईलान चिनीत बोलायची, शिन जर्मनमध्ये उत्तर द्यायची. गेली कित्येक वर्षं हे असंच होतं. गुईलाननं तिला सभेचं सांगितलं. पोरीनं सरळच विचारलं, तू तिथं पुन्हा कधी राहणार आहेस का? नसशील तर मामाशी वैर कशाला? प्रश्न वाईट नव्हता. गुईलाननं उलट विचारलं, जेवलीस का. शिन "हो, आई," म्हणाली आणि परीक्षेचं बोलायला लागली.

देमिंगही बोलला. तो वाईट माणूस नव्हता. निंगबोला बांधकामावर परांचीवरून पडला तेव्हापासून त्याला कमरेला पट्टा बांधून हिंडावं लागायचं. तो म्हणाला, आई हिवाळ्यात त्या गार घरात एकटी असते, पाणी आणताना घसरली तर गावात उचलायला माणूस नाही. ताई, तू लांब आहेस. तुला तुकडा दिसतो, मला आई दिसते. गुईलानला हेही खोटं म्हणता आलं नाही. त्या दिवशी तिच्या हातून तीन रोपं मोडली.

सभेच्या दिवशी इकडची सकाळ होती, तिकडची दुपार टळलेली. काचघरात फोनला नीट रेंज यायची नाही म्हणून दोघी बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ गेल्या. गुईलाननं हात धुतले, केस पुन्हा बांधले, धुतलेला शर्ट घातला. चित्र हलू नये म्हणून फोन तिनं विभावरीजवळ दिला. विभावरी तो दोन्ही हातांनी समोर धरून उभी राहिली.

पडद्यावर सभा दिसलीच नाही. एक पांढरं छत दिसलं आणि त्यावर फिरणारा पंखा. देमिंगनं फोन लावून टेबलावर उताणा ठेवला होता. आवाज येत होते. कप ठेवल्याचा, खुर्ची सरकल्याचा, कुणाच्या खोकण्याचा. बराच वेळ कमळकंदाचं, पाइपांचं, रस्त्याचं चाललं. मग गावप्रमुख बाओकाकांचा आवाज आला. देमिंगच्या बहिणीला काही म्हणायचंय म्हणे.

"गुईलान, ऐकू येतंय ना? तू परदेशात राहतेस. तुला तळ्याकडेचा चिखल कशाला हवा?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

गुईलाननं बोलायचं ते आठवडाभर पाठ केलं होतं, कायद्याच्या कलमासकट. त्यातला एक शब्द तोंडात येईना. गावची बोली तिनं इतक्या वर्षांत आईशिवाय कुणाशी वापरली नव्हती, आणि चारचौघांत तर कधीच नाही. ती पंख्याकडं बघत राहिली. पंखा फिरत होता. तिच्या ध्यानात आलं, की तिकडं कुणीच आपल्याकडं बघत नाहीये. आपण टेबलावर पडलेला एक आवाज आहोत. विचित्र असं, की त्यानंच तिला जरा मोकळं वाटलं.

"बाओकाका," ती म्हणाली, "वाटणीच्या दिवशी मोजणीची दोरी तुम्हीच धरली होती, असं आई सांगते. तेव्हा मला माणूस म्हणून मोजलं होतं. मग मी माणूस कधीपासून राहिले नाही, ते मला सांगा. लग्न झालं तेव्हापासून, का नवऱ्यानं सोडलं तेव्हापासून?"

तिकडं हसणं थांबलं. देमिंगचा आवाज आला, अगदी फोनजवळून, दबका. "ताई, लोकांसमोर नको."

"तू होकार दिलास तो लोकांसमोरच ना?" गुईलान म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई फरशीवर राहू शकत नाही. तो तुकडा तिच्यासाठी राहू द्या. माझ्या वाट्याचा म्हणून राहू द्या. मला दुसरं काही नको."

पुन्हा कपांचे आवाज. कुणीतरी म्हणालं, असं एकीला दिलं तर सगळ्याच लेकी उभ्या राहतील. दुसरा म्हणाला, आता पुढचा विषय घ्या. पंखा फिरतच होता.

आणि मग छत एकदम कलंडलं. भिंत आली, खिडकी आली, एक चष्मा, एक मोठा अंगठा, आणि सगळी सभा पडद्यावर उभी राहिली. पुढं खुर्च्यांवर गडीमाणसं, हातात चहाच्या बाटल्या. मागं भिंतीला टेकून, काही खाली बसलेल्या बायका. गवताच्या टोप्या मांडीवर, पोटऱ्यांना चिखल वाळलेला. कंपनीच्या कामावरून तशाच आलेल्या. फोन आईनं उचलला होता. आई स्वतः दिसत नव्हती, तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. लुओथांगच्या कुठल्याही सभेत तोवर आई एक शब्द बोललेली कुणाला आठवत नव्हतं.

"हिच्याकडं बघून बोला," आई म्हणाली.

विभावरीला भाषा कळत नव्हती. पण तिनं फोन गुईलानच्या आणखी जवळ धरला.

मागच्या बायकांतून वानहुआ उठली. रोडकी बाई, हातातली टोपी चुरगाळत. तिनं सांगितलं, की नवऱ्यानं सोडल्यावर ती पोर घेऊन माहेरी आली, तेव्हापासून या गावात राबतेय, पण कुठल्याच गावात तिचं नाव नाही. मग एक नवी सून उठली. ती लग्न होऊन आली तेव्हा वाटण्या बंद झालेल्या. तिला आणि तिच्या दोन मुलांना मिळून एका माणसाच्या जमिनीवर दिवस काढावे लागले होते. तिच्यामागून एका म्हातारीनं, बसल्या जागेवरून, आपल्या लेकीचं नाव घेतलं. नुसतं नाव. मग दुसरीनं. त्या लेकी तिथं नव्हत्या, कुणी शांघायला होत्या, कुणी कुठं होत्या ठाऊक नव्हतं. खोलीत नावं येत राहिली, आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

बाओकाका बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसले. मग हात वर करायला सांगितलं. मागचे सगळे हात वर गेले. पुढचे काही गेले, काही नाही. देमिंगनं मान खाली घातली होती. पण त्याचा हात वर होता. खांद्यापर्यंतच, दुखऱ्या कमरेमुळं त्याहून वर जाईना.

ठरलं. अशा बायकांची नावं गावात पुन्हा धरायची.

"आणि तुकडा?" गुईलाननं विचारलं.

बाओकाकांनी समजावून सांगितलं, आता जरा मऊ आवाजात. नाव धरलं म्हणजे हिस्सा मिळाला. पण हिस्सा म्हणजे अमुक एक जमीन नव्हे, तो सगळ्यात मिळून एक आकडा असतो. जमीन सलगच जाणार. तळं, काठ, सगळं.

"आकड्यात मुळे लावता येतात का?" आईनं विचारलं. मागं बायका हसल्या. बाओकाकाही थोडं हसले. मग फोन बंद झाला.

टाकीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. विभावरीनं फोन परत दिला.

"झालं का तुझ्या मनासारखं?"

गुईलाननं विचार केला. "नाव मिळालं," ती म्हणाली. "माती गेली."

दोघी आत गेल्या आणि पाकचोय काढायला बसल्या. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, विभावरी म्हणाली, "आमच्याकडं बहिणीला साडी नेसवतात आणि हक्क सोडल्याची सही घेतात. माझा भाऊ विलास महिन्यातून एकदा फोन करतो. मी म्हणते, येईन तेव्हा बघू." तिनं पाकचोयचा एक गड्डा मुळासकट उपटला, माती झटकली. "चांगला आहे गं तो. म्हणूनच अवघड जातं."

"अगदी तसंच," गुईलान म्हणाली.

जूनमध्ये वानहुआनं चित्रफीत पाठवली. पिवळं यंत्र तळ्याच्या काठावर आलं होतं. आईनं त्याआधी सगळी भाजी काढून घेतली होती, बोटाएवढ्या काकड्यासुद्धा, आणि टोपलीतून घरोघर वाटली होती. चित्रफितीत ती रिकामी टोपली घेऊन बांधावर उभी होती. यंत्राचा फाळ मातीत शिरला तेव्हा तिनं एक पाऊल मागं घेतलं, मग आणखी एक, लावणीत सरकावं तशी. गुईलाननं ते एकदाच पाहिलं.

आई चौथ्या मजल्यावर राहायला गेली. पहिल्या काही आठवड्यांत ती दोनदा खाली उतरली. एकदा चढून येताना वाटेत इतका वेळ बसून राहिली, की देमिंगची बायको घाबरून शोधायला आली. फोनवर ती तक्रार करायची नाही. आज काय लावलंस, एवढं विचारायची. गुईलान सांगायची. पाणी किती दिलं, विचारायची. सांगितल्यावर म्हणायची, जास्त झालं. पाय सुजले होते, हे देमिंगच्या बायकोनं सांगितलं, आईनं नाही. देमिंग सभेनंतर ताईशी बोलत नव्हता.

उन्हाळाभर गुईलाननं कारली काढली, वेल बांधले, टेम्पो भरला. आणि एक दिवस, कारल्याच्या मांडवाखाली उभी असताना, तिच्या मनात आलेली गोष्ट तिनं विभावरीला सांगून टाकली. आईला इकडं आणायचं. पाहुणी म्हणून मिळतात तेवढे दिवस. विभावरी म्हणाली, "मग वाट कसली बघतेस?" कागदपत्रांत फ्राऊ केशेलेनं स्वतःहून लिहून दिलं, की पाहुणीसाठी आपल्या घरातली मागची खोली रिकामी आहे. एका सकाळी देमिंगचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. आपण स्वतः आईला शांघायच्या विमानतळावर सोडणार, असं तो म्हणाला. आणि थोडं थांबून,

"ताई, तिला गार पाणी देऊ नकोस. झोपताना गुडघ्यांना शेक लागतो."

"देईन," गुईलान म्हणाली. "तू कमरेला जप."

ऑक्टोबरात आई आली. शिन ड्रेस्डेनहून मुद्दाम आली होती. विमानतळावर, ढकलगाडीत बसवून आणलेली ती लहानशी म्हातारी दिसली, आणि शिन पुढं झाली, गुडघ्यांवर बसली, आणि बोलायला लागली. जर्मन नाही. शाळेत शिकतात ती चिनीही नाही. लुओथांगची बोली. पाच वर्षांची होईपर्यंत ती आजीजवळ वाढली होती आणि ती बोली तिच्या आत तशीच राहिली होती, पाच वर्षांच्या पोरीची, बोबड्या कडांची. एवढी मोठी मुलगी लहान पोरीच्या आवाजात विचारत होती, आजी, भूक लागली का, शी लागली का. गुईलान सामान धरून उभी राहिली. तिला वाटलं आपण आता पोत्यांवरून उठू आणि वर पंखा फिरत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काचघरात आली. दारात थांबली. वर काचेकडं बघितलं, मग खाली. बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, पॅन्ट दोन घड्या वर घेतली आणि पालकाच्या वाफ्यात उतरली. सुजलेली पावलं मातीत हळूहळू बसली. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, एवढा वेळ की विभावरीनं काळजीनं गुईलानकडं पाहिलं.

"थंड आहे," आई म्हणाली. "बरी आहे." आणि खाली बसून दाट उगवलेली रोपं विरळ करायला लागली.

दिवस मग असेच गेले. आई आणि विभावरी शेजारी शेजारी बसायच्या. एक आपल्या बोलीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि काम कुठं अडायचं नाही. विभावरीनं मेथीची भाजी करून आणली, आईनं ती चाखून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घेतली. आई परत जाणार, तो चौथा मजला तिथंच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फ्राऊ केशेले रोजच्यासारखी फेरीला यायची, काठी टेकत, मान हलवून पुढं जायची. ती पाठमोरी होईपर्यंत आई तिच्याकडं बघत राहायची. एक दिवस तिनं विचारलं, "ही जमीन हिच्या नवऱ्याची?"

"नाही. लग्नच केलं नाही तिनं. बापाकडून आली. तिच्या नावावर आहे."

"भाऊ नव्हते?"

गुईलानला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं म्हातारीला हाक मारली आणि विचारलं. फ्राऊ केशेले थांबली. दोन भाऊ होते, ती म्हणाली. एकाला घर हवं होतं, एकाला शहर. मला माती आवडायची, तर बापानं माती मला दिली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गुईलाननं ते आईला सांगितलं. आईनं हातातली रोपं खाली ठेवली. टाकीजवळ जाऊन हात धुतले, पॅन्टला पुसले, आणि अनवाणी फ्राऊ केशेलेसमोर जाऊन उभी राहिली. तिनं तिचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटा करून बघितला. तळव्याच्या रेघांत माती मुरलेली होती. अंगठ्याजवळ एक चीर पडलेली, तिला मलम लावलेलं. आईनं त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"काय म्हणतेय ती?" फ्राऊ केशेलेनं विचारलं.

"काही नाही. बघतेय," गुईलान म्हणाली.

आईनं हात सोडला नाही. जर्मन म्हातारीनंही तो काढून घेतला नाही. मग दोघी तशाच, एकमेकींच्या आधारानं, वाफ्याच्या कडेकडेनं चालू लागल्या. आई बोलत होती, लुओथांगच्या बोलीत, न थांबता, इथं पाणी साचतं, इथं कडेला शेंगा लाव, हा कोपरा ओलाच राहणार. आणि फ्राऊ केशेले, काठी काखेत धरून, आपलीच जमीन तिच्याकडून समजून घेत होती.